स्तनातली गाठ साधी की घातक : एमआरआय किती खात्रीनं सांगतो?

कवडसा
माझं वय ४६. दीड महिन्यापूर्वी डाव्या स्तनाग्रातून रक्ताळ पाणी येताना दिसलं, तेही एकाच छिद्रातून. मॅमोग्राफी झाली. 'ऊती दाट आहेत, ठोस काही दिसत नाही' असा रिपोर्ट आला. सोनोग्राफीत एक नळी थोडी फुगलेली दिसली, बाकी काही नाही. म्हणून कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय केला आणि त्यात ९ मिमीची गाठ सापडली. रिपोर्टमध्ये लिहिलंय : कडा काही ठिकाणी अनियमित, कॉन्ट्रास्ट लवकर घेते, नंतर वॉशआउट, टाइप ३ कर्व्ह, बायरॅड्स ४. सर्जन बाई म्हणाल्या, बायोप्सी करून घेऊ.

'वॉशआउट' शब्द नेटवर शोधला आणि त्या रात्री झोप लागली नाही. माझे दोन प्रश्न आहेत. एवढी मोठी तपासणी करूनही साधी की घातक हे एका शब्दात का सांगता येत नाही? आणि जास्त ताकदीच्या, म्हणजे ३ टेस्लाच्या मशीनवर पुन्हा एमआरआय केला तर सुई टळेल का? घरात एका वडीलधाऱ्यांनी 'सुई लावली की पसरतं' असं सांगून ठेवलंय, त्यामुळे धीर होत नाहीये.

शेवंती
कवडसा, आधी एक दीर्घ श्वास घे. इथे बऱ्याच जणी या वाटेनं गेलेल्या आहेत. एकटी वाचत बसू नकोस, इथे लिहीत राहा.

छायाप्रकाश
मी रेडिओलॉजिस्ट आहे. तुमच्या फिल्म पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे तुमच्या गाठीबद्दल मत देणार नाही. हे शब्द आम्ही का लिहितो तेवढं सांगतो.

एमआरआयला कॅन्सर दिसत नाही, रक्तवाहिन्यांची वागणूक दिसते. वाढणारी गाठ स्वतःसाठी घाईघाईत नव्या रक्तवाहिन्या तयार करून घेते. त्या कच्च्या असतात, गळक्या असतात. शिरेतून दिलेलं गॅडोलिनियम, म्हणजे कॉन्ट्रास्टचं औषध, त्यांतून भराभर बाहेर येतं आणि गाठ पहिल्या दोन मिनिटांत उजळते. हे उजळणं वेळेनुसार कसं बदलतं त्याचा आलेख म्हणजे कर्व्ह. पुढच्या काही मिनिटांत तीन गोष्टी घडू शकतात. उजळणं हळूहळू वाढत राहतं, तो टाइप १. एका पातळीवर थांबतं, तो टाइप २. किंवा कॉन्ट्रास्ट आला तसा झपाट्यानं परत जातो आणि गाठ मावळायला लागते, तो टाइप ३. यालाच वॉशआउट म्हणतात.

जर्मनीतल्या क्रिस्टियाने कूल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये २६६ गाठींचा अभ्यास छापला. घातक गाठींपैकी साधारण ५७ टक्के टाइप ३ निघाल्या. साध्या गाठींपैकी ८३ टक्के टाइप १ होत्या. पण त्याच तक्त्यात साध्या गाठींपैकी ५.५ टक्के टाइप ३ होत्या आणि घातक गाठींपैकी जवळपास ९ टक्के टाइप १. म्हणजे आलेख दिशा दाखवतो, निकाल देत नाही. म्हणून आम्ही आधी आकार पाहतो, कडा पाहतो, गाठ आतून कशी उजळते ते पाहतो आणि कर्व्ह त्यात मिळवतो. काटेरी कडा किंवा फक्त कडेला उजळणारं कडं दिसलं तर शंका वाढते. गुळगुळीत कडा आणि आत न उजळणारे काळे पडदे दिसले तर साध्या प्रकारच्या फायब्रोअ‍ॅडिनोमाकडे कल जातो.

बायरॅड्स ही स्तनाच्या रिपोर्टमध्ये संशय किती ते सांगणारी श्रेणी. ४ म्हणजे 'संशय आहे, ऊती तपासा'. यात घातक असण्याची शक्यता २ टक्क्यांच्या वर आणि ९५ च्या खाली, एवढा मोठा पट्टा येतो. ५ म्हणजे ९५ किंवा त्याहून जास्त. तुम्हाला ४ दिलंय.

कवडसा
२ ते ९५? मग त्या आकड्याचा मला काय उपयोग? एवढ्या रुंद पट्ट्यात तर सगळं जगच मावेल.

छायाप्रकाश
तुमचा राग रास्त आहे. मॅमोग्राफी-सोनोग्राफीत ४ चे अ, ब, क असे तीन पोटभाग करतात. बायरॅड्सच्या २०१३ च्या आवृत्तीत एमआरआयसाठी ते नव्हते. तुमच्या रेडिओलॉजिस्टना सरळ विचारा : 'तुमच्या अंदाजानं खालच्या टोकाला की वरच्या?' आम्हाला हा प्रश्न विचारलेला चालतो, आणि बहुतेक जण उत्तरही देतात. नळीत वाढणाऱ्या पॅपिलोमाच्या गाठी साध्या असूनही वारंवार वॉशआउट दाखवतात, हेही विचारताना लक्षात असू द्या.

चुंबकसूई
मी डॉक्टर नाही, भौतिकशास्त्र शिकवतो. ३ टेस्लाच्या प्रश्नावर थोडं.

१९७१ मध्ये रेमंड डमाडियन यांनी दाखवलं की चुंबकीय क्षेत्रात ढळलेले हायड्रोजनचे अणू पूर्वस्थितीला यायला जो वेळ घेतात, तो उंदरांच्या गाठीत आणि निरोगी ऊतीत वेगवेगळा असतो. तेव्हा आशा अशी होती की नुसता हा वेळ मोजला की झालं, गाठ चांगली की वाईट ते कळेल. पुढे स्तनावर प्रयोग झाले आणि साध्या-घातक दोन्ही गाठींचे आकडे एकमेकांत मिसळलेले निघाले. पाण्यानं भरलेली साधी गाठही तशीच चमकते आणि श्लेष्मल प्रकारचा कॅन्सरही. गंमत म्हणजे त्याच १९७१ साली ज्यूडा फोकमन यांनी गाठी नव्या रक्तवाहिन्यांवर जगतात ही कल्पना मांडली. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला जर्मनीत सिल्विया हेवांग आणि वेर्नर कायझर यांनी स्तनाच्या एमआरआयला कॉन्ट्रास्टची जोड दिली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

टेस्ला वाढला की चित्र रेखीव होतं, ठिपका लहान होतो. पण अडचण चित्र अंधूक असल्याची नाहीये. दोन वेगळे आजार एकसारखे वागतात ही अडचण आहे. साध्या गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतील, तर त्या ३ टेस्लात आणखी स्पष्टपणे गळताना दिसतील, एवढंच.

पाणकणीस
मी थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. माझ्या बाबतीत एमआरआयनंतर दोन वर्षांत तीन बायोप्स्या झाल्या. तिन्ही साध्या. एकदा फायब्रोअ‍ॅडिनोमा, एकदा स्तनातली लसिकाग्रंथी, एकदा 'फायब्रोसिस्टिक बदल'. प्रत्येक वेळी रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. धाकटी मुलगी तेव्हा चौथीत होती, ती रात्री उठून माझ्या अंथरुणात यायची. या तपासणीला सगळंच संशयास्पद दिसतं. गरज नसताना सरसकट एमआरआय सांगू नये, या मताची मी आहे.

काजळमाया
पाणकणीस, तुमचं दुःख खरं आहे, पण दुसरी बाजूही लिहायला हवी. माझ्या मोठ्या बहिणीला बीआरसीए १ या जनुकात कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष आहे. मॅमोग्राफी स्वच्छ, हाताला काही लागत नव्हतं, आणि वर्षाच्या ठरलेल्या एमआरआयमध्ये ६ मिमीची गाठ सापडली. घातक होती. लसिकाग्रंथीपर्यंत गेली नव्हती. आज ताई धडधाकट आहे. तो एमआरआय झाला नसता तर पुढच्या वर्षी काय सापडलं असतं, हा विचार आमच्या घरात कोणी मोठ्यानं करत नाही.

पाणकणीस
तुमच्या ताईंना उदंड आयुष्य लाभो. जनुकात दोष असेल तर एमआरआय हवाच, त्यावर माझा वाद नाही. माझ्या घराण्यात असं काही नव्हतं, माझ्या ऊतीही दाट नव्हत्या. 'एकदा करून टाकू' म्हणून केला गेला. माझा आक्षेप त्या 'करून टाकू'ला आहे.

छायाप्रकाश
दोघींचंही म्हणणं अभ्यासांत सापडतं. २००८ मध्ये ४४ अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा : एमआरआय १०० घातक गाठींपैकी ९० पकडतो, पण १०० साध्या गाठींपैकी ७२ नाच साधी म्हणतो. उरलेल्या २८ जणी म्हणजे पाणकणीस.

नेदरलँड्समध्ये अतिदाट स्तन असलेल्या ४०,००० हून अधिक स्त्रियांवर डेन्स नावाची चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला. एमआरआयसाठी बोलावलेल्या गटात दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणारे कॅन्सर दर हजारी २.५, फक्त मॅमोग्राफीच्या गटात ५. निम्मे झाले. पण पहिल्या फेरीत एमआरआय केलेल्या दर हजार जणींत जवळपास ८० जणींना नाहक पुढच्या तपासणीला जावं लागलं. आणि ब्रिटनमधल्या कोमाइस चाचणीत (२०१०) आधीच कॅन्सर ठरलेल्या १,६२३ स्त्रियांमध्ये शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआय जोडूनही पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण घटलं नाही, दोन्ही गटांत १९ टक्केच राहिलं.

म्हणून एमआरआय कोणाला आणि कशासाठी, हे आधी ठरायला हवं. एका छिद्रातून रक्ताळ स्राव आणि बाकी तपासण्या कोऱ्या, हे एमआरआय करण्याचं चांगलं कारण आहे. कवडसाताईंचा एमआरआय अनाठायी नव्हता.

रानवाट
इथे कर्व्हवर बरंच लिहिलं गेलं म्हणून माझं सांगते. माझा टाइप १ होता. रिपोर्टमध्ये 'कर्व्ह सौम्य स्वरूपाचा, मात्र कडा काटेरी' असं वाक्य होतं. मी आणि यजमानांनी पहिला अर्धा भाग दहा वेळा वाचला, दुसऱ्या अर्ध्याकडे पाहिलंच नाही. बायोप्सी पंधरा दिवस पुढे ढकलली. लोब्युलर कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, या प्रकारात पेशी एकामागून एक रांगेत पसरतात, गोळा करून बसत नाहीत, म्हणून कॉन्ट्रास्टही हळू चढतो. उपचार होऊन चार वर्षं झाली, तब्येत उत्तम आहे. पण त्या पंधरा दिवसांची रुखरुख आहे. कवडसा, तू कर्व्हनं घाबरलीस, मी कर्व्हनं निर्धास्त झाले. दोघींनीही एकच ओळ वाचली.

शेवंती
रानवाट, अंगावर काटा आला. लिहिलंस ते फार बरं केलंस.

ओंजळभर
थोडं अवांतर. मला पुढच्या महिन्यात हाच एमआरआय करायचाय. बंद जागेची भीती वाटते. कसा असतो अनुभव? आणि पाळी चालू असताना केला तर चालतो का?

पाणकणीस
पालथं झोपायचं असतं. खाली दोन पोकळ्या असतात, त्यांत स्तन मोकळे सोडायचे. तोंड खाली असल्यामुळे डोक्यावर छत आल्यासारखं वाटत नाही, मला पाठीच्या एमआरआयपेक्षा हा सोपा गेला. आवाज मात्र मोठा. मी डोळे मिटून एकोणतीसचा पाढा म्हणत होते. अर्धा-पाऊण तास लागतो. हालायचं नाही, कारण कॉन्ट्रास्टच्या आधीचं चित्र नंतरच्या चित्रातून वजा करतात आणि आपण जरा सरकलो तर वजाबाकी बिघडते. हातात दाबायचा फुगा देतात, त्रास झाला तर दाबायचा.

छायाप्रकाश
पाळी येत असेल तर पाळीचा पहिला दिवस धरून ७ ते १४ या दिवसांत केलेला उत्तम. इतर दिवसांत संप्रेरकांमुळे निरोगी ऊतीही कॉन्ट्रास्ट घेतात आणि गाठ त्या उजेडात लपते, किंवा नसलेली गाठ भासते. अंगावर पाजत असाल, संप्रेरकांच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं कॉक्लिअर यंत्र, मूत्रपिंडाचा आजार हेही न विसरता सांगायचं. मूत्रपिंडं फार कमजोर असतील तर गॅडोलिनियमचा निर्णय जपून घ्यावा लागतो. आणि घाईची, संशयाची केस असेल तर पाळीच्या तारखेसाठी आठवडेच्या आठवडे थांबू नये.

चुंबकसूई
रिपोर्टमध्ये 'डिफ्युजन' आणि 'एडीसी' असे शब्द असतील तर घाबरू नका. पाण्याचे रेणू ऊतीत किती मोकळेपणी हिंडतात याचं ते माप. पेशी दाटीवाटीनं असल्या की पाण्याला फिरायला जागा नाही, एडीसी कमी. घातक गाठीत तसं बहुधा असतं. याला कॉन्ट्रास्ट लागत नाही.

छायाप्रकाश
पुरवणी : पू भरलेल्या गळवातही एडीसी कमी येतो, आणि श्लेष्मल कॅन्सरमध्ये भरपूर. हेही एकट्यानं निकाल देत नाही.

शब्दवेडी
भाषेचा मुद्दा काढते, क्षमा असावी. 'बिनाइन'ला आपण सौम्य म्हणतो, 'मॅलिग्नंट'ला घातक किंवा मारक. पण मूळ 'लीजन'ला, म्हणजे ऊतीत दिसणाऱ्या कुठल्याही वेगळ्या बदलाला, नेमका शब्दच नाही. डॉक्टर पेशंटशी बोलताना 'गाठ' म्हणतात, आणि आई 'गाठ' ऐकल्याबरोबर कॅन्सर धरून चालते. एमआरआयमध्ये तर कित्येकदा गाठ नसतेच, नुसता पट्टा किंवा ठिपक्यांची रांग उजळलेली असते. माझ्या आईला डॉक्टरांनी 'एक डाग दिसतोय, काय आहे ते बघायचंय' असं सांगितलं. तेवढ्या एका शब्दानं ती शांत राहिली.

सूक्ष्मदर्शक
मी पॅथॉलॉजिस्ट. मूळ प्रश्नाला माझ्या टेबलावरून उत्तर देते.

एमआरआयचा एक ठिपका साधारण १ मिमीचा. पेशी १० ते २० मायक्रॉनची. एका ठिपक्यात हजारो पेशींची सरासरी असते. साधी की घातक हे आम्ही ठरवतो ते सरासरीवरून नव्हे. नळीच्या भिंतीला बाहेरून अस्तरासारखा पेशींचा एक थर असतो. तो शाबूत आहे का? पेशी भिंत फोडून बाहेर पडल्यात का? केंद्रकं कशी आहेत? शंका असेल तर तो अस्तराचा थर रंगवून पाहतो. हे चुंबकाच्या आवाक्यातलं काम नाही.

म्हणून बारीक सुईनं पेशी ओढण्यापेक्षा कोर बायोप्सी बरी. बारीक सुईत सुट्या पेशी मिळतात, भिंत मिळत नाही. कोरमध्ये ऊतीचा सलग तुकडा येतो.

सुईनं पसरण्याबद्दल : सुईच्या वाटेवर तुरळक पेशी सांडलेल्या सापडतात, हे खोटं नाही. पण कोर बायोप्सी केल्यामुळे रुग्णांचं आयुष्य घटतं असं दिसलेलं नाही. निदानाशिवाय थांबण्यानं मात्र नुकसान होतं, ते मी टेबलावर पाहिलंय. वडीलधाऱ्यांना हे माझ्या नावानं सांगा.

आणखी एक, जे पेशंटला फारसं कोणी सांगत नाही. बायोप्सीचा रिपोर्ट 'साधा' आला की काम संपलं असं नसतं. तो रिपोर्ट चित्राशी जुळतोय का, हे रेडिओलॉजिस्टनं पुन्हा पाहायचं असतं. चित्र भयंकर आणि रिपोर्ट निरोगी ऊतीचा, तर सुई बाजूला गेली असं धरून बायोप्सी पुन्हा करतात. कवडसाताई, 'दोन्ही जुळतंय ना?' हा प्रश्न नक्की विचारा.

ओंजळभर
आणि एमआरआय स्वच्छ आला तर? मॅमोग्राफीत माझ्या चुन्याच्या बारीक कणांचा पुंजका दिसलाय. एमआरआय चांगला आला तर बायोप्सी नको, असं एका ओळखीच्या बाईंनी सांगितलंय.

छायाप्रकाश
नाही. चुन्याचे बारीक कण एमआरआयला दिसत नाहीत, ते मॅमोग्राफीचंच क्षेत्र. नळीच्या आतच असलेला, कमी आक्रमक श्रेणीचा कॅन्सर कधीकधी कॉन्ट्रास्ट घेतही नाही. मॅमोग्राफीत संशयास्पद कण असतील तर एमआरआय कोरा आला तरी बायोप्सी टाळायची नाही. कृपा करून हे तुमच्या डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला.

कवडसा
तीन आठवड्यांनी परत आलेय. सगळ्यांचे प्रतिसाद वाचत होते, लिहायचं बळ नव्हतं.

सूक्ष्मदर्शकताई, तुमचा परिच्छेद काकांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण बायोप्सीच्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसले होते.

एमआरआयची चित्रं समोर ठेवून रेडिओलॉजिस्ट बाईंनी पुन्हा सोनोग्राफी केली. यावेळी नेमकी जागा माहीत असल्यामुळे गाठ सापडली, नळीच्या आत. त्यामुळे एमआरआयमध्ये झोपून बायोप्सी करायची वेळ आली नाही. भूल देऊन चार तुकडे घेतले, आत धातूची तिळाएवढी खूण ठेवली. दुखलं, पण भीतीच्या मानानं काहीच नाही.

रिपोर्ट : 'इंट्राडक्टल पॅपिलोमा, अ‍ॅटिपिया नाही.' म्हणजे नळीच्या आतली साधी गाठ, पेशी बिघडलेल्या नाहीत. मी विचारलं, दोन्ही जुळतंय ना? त्या म्हणाल्या, जुळतंय, पॅपिलोमा असाच वॉशआउट दाखवतो. मला वाटलं, सुटले. तर सर्जन म्हणतात, तरीही ती नळी काढून टाकू. साधी आहे तर काढायची कशाला?

सूक्ष्मदर्शक
मनापासून बरं वाटलं. काढण्याचं कारण असं की साधी आणि घातक यांच्यामध्ये एक तिसरा खण आहे. पॅपिलोमा, रेडियल स्कार, पेशी थोड्या बिघडलेल्या पण कॅन्सर नाही असे काही प्रकार त्यात येतात. चार तुकड्यांत अ‍ॅटिपिया नाही, पण उरलेली गाठ मी पाहिलेली नाही. लक्षणं नसतील, गाठ लहान असेल, चित्र आणि रिपोर्ट जुळत असतील तर नुसतं लक्ष ठेवणंही आता मान्य आहे. तुम्हाला स्राव चालू आहे, म्हणून तुमच्या सर्जनचा सल्ला मला पटतो. नळी निघाली की स्रावही थांबेल आणि पूर्ण गाठ तपासता येईल.

पाणकणीस
कवडसा, डोळे भरून आले. माझं मत अजून तेच आहे, पण तुझा एमआरआय योग्य होता हे मान्य.

ओंजळभर
माझी बायोप्सी येत्या मंगळवारी आहे. मॅमोग्राफीच्या मशीनवरच करणार आहेत. एमआरआय त्यानंतर, लागला तरच.

कवडसा
मंगळवारी संध्याकाळी इथे ये. मी धागा उघडा ठेवून बसते. माझी शस्त्रक्रिया त्याच्या पुढच्या सोमवारी ठरलीये.